निम्म्या मैदानाचे आबा

लंगर आबांनी आयुष्यभर फुटबॉल बघितला, पण बॉल काही बघितला नाही. यात अतिशयोक्ती नाही. मॅच सुरू झाली की मैदानाभोवतीची सगळी डोकी बॉलबरोबर डावीकडून उजवीकडे फिरायची आणि आमच्या गोलजाळीच्या मागे, लोखंडी घडीच्या खुर्चीत, कानाला मफलर गुंडाळून बसलेल्या आबांची मान जागची हलायची नाही. आमच्या पोरांनी पार समोरच्या टोकाला गोल घातला, लोक एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागले, की ते शेजाऱ्याला शांतपणे विचारायचे, "घातला का रं?" शेजारी हो म्हणाला की आपल्या बॅककडे बोट करून म्हणायचे, "आन् ह्यो बग, हितं हुभा ऱ्हाऊन टाळ्या वाजवतोय. आता त्येंनी लगीच बॉल टाकला तर ह्यो काय टाळ्या वाजवून आडवनार हाय व्हय?" पुढच्या पाच मिनिटांत नेमका त्याच बॅकच्या मागून गोल व्हायचा. मग लोक आबांकडे असे बघायचे, जणू तो त्यांनीच घातला होता.

हाफटाईमला संघांनी टोकं बदलली की आबाही टोक बदलायचे. पोरं लिंबं चोखत बसलेली असायची आणि आबा खुर्ची मिटून काखेत मारून अख्ख्या मैदानाला वळसा घालत दुसऱ्या गोलामागे निघालेले असायचे. मैदानातून सरळ गेले असते तर निम्मे कष्ट वाचले असते. पण बुटाशिवाय ग्राउंडवर पाय ठेवायचा नाही हा त्यांचा पलटणीतला नियम होता आणि त्यांच्या पायात बारा महिने चपला. गुडघे दुखायचे, वाटेत दोनदा थांबावं लागायचं. पंच आमच्या भागातले असले तर आबा खुर्चीत टेकेपर्यंत शिट्टी मारायचे नाहीत. बाहेरून आलेल्या संघांना वाटायचं, कुणीतरी मोठे पाहुणे आहेत.

या सवयीचं मूळ लष्करात होतं. आबा पलटणीत स्वयंपाकी होते. तिथे भटारखान्याला लंगर म्हणतात, म्हणून निवृत्त होऊन गावात आल्यावर ते लंगर आबा झाले. खरं नाव मतदार यादीत काय ते उरलं. त्यांच्या लंगरचं दार पलटणीच्या मैदानाकडे उघडायचं, पण दारासमोर पाण्याची भलीमोठी टाकी होती. त्यामुळे चपात्या लाटता लाटता त्यांना निम्मंच मैदान दिसायचं, एक गोल आणि त्याच्या पुढचे चार-पाच गडी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी असा निम्मा फुटबॉल बघितला. बॉल टाकीच्या आड गेला की बघायला उरायचे ते बॉल नसलेले लोक. "बॉल काय, लेकरंबी बगत्यात," ते म्हणायचे. "बॉल न्हाई तवा गडी काय करतोय ते बगावं. मानूस तवा कळतो."

मी या गावात आलो तो शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून. मी सांगलीचा. वडील एका शाळेत कारकून, आजोबा पोस्टात. आमच्या घराचा आणि उसाचा संबंध चहातल्या साखरेपुरता. कडेगावच्या पुढचं हे गाव म्हणजे चारी बाजूंनी ऊस आणि मधे घरं. शाळेच्या मैदानालाही तीन बाजूंनी ऊस. जोरात मारलेला बॉल फडात गेला की तो सापडेपर्यंत मॅच थांबायची. गावच्या तालमीचा पिवळ्या जर्सीचा संघ होता आणि त्याचं वेड असं, की लग्नाची तारीख धरताना ब्राह्मणाच्या आधी मॅचचं वेळापत्रक विचारायचे. जुने प्रशिक्षक थकले होते. माझ्याकडे प्रशिक्षणाचा एक दाखला होता आणि मोबाईलमध्ये परदेशी मॅचेस खच्चून भरलेल्या होत्या. तालमीच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी एक नारळ फोडला आणि संघ माझ्या हवाली केला.

मग मी काय ऐकतोय! मोबाईलमधले बडे संघ खेळतात तसंच आपण खेळायचं, असं मी ठरवून टाकलं. गोलकीपरनं बॉल लांब भिरकावायचा नाही, जवळच्या बॅकला हळूच द्यायचा, त्यानं शेजारच्याला, त्यानं पुढच्याला. आणि बचावाची फळी गोलापाशी न ठेवता थेट मैदानाच्या मध्यापर्यंत वर चढवायची. आमचा गोलकीपर इरफान सांगितल्या शब्दाबाहेर न जाणारा. पहिल्या मॅचला त्यानं बॉल हळूच शेजाऱ्याच्या पायात दिला तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं लाथ मार की! सुपारी द्यायला बसलायस व्हय?" सगळं मैदान हसलं. मी मनात म्हटलं, हसा लेको, हंगाम संपू दे.

या सगळ्याचा न्यायनिवाडा व्हायचा तो दर सोमवारी सकाळी, रशीदभाईंच्या बेकरीत. रशीदभाई इरफानचे चुलते. भट्टीवरून उतरलेला माल मांडता मांडता ते अध्यक्षस्थान सांभाळायचे आणि बाकावर दहा-बारा जाणकार दाटीवाटीनं बसायचे. त्यातले निम्मे आयुष्यात एकदाही बॉलला पाय न लावलेले, आणि आवाज त्यांचाच मोठा. आबा आले की मात्र बाकावर जागा व्हायची. रशीदभाई न सांगता त्यांच्यापुढे एक परात ठेवायचे, आणि आबा त्यात कालची मॅच मांडायचे. खारी म्हणजे आपले गडी, टोस्ट म्हणजे समोरचे. "आपली खारीच," ते म्हणायचे. "दिसायला फुगल्याली, दाबली की चुरा." गोलात नानकटाई, म्हणजे इरफान. बॉल त्या परातीत नसायचाच. मी एकदा न राहवून एक शेंगदाणा बॉल म्हणून मधे ठेवला. आबांनी तो उचलला, सोलला आणि तोंडात टाकला. "ह्येचं हितं काय काम न्हाई," म्हणाले.

विवेचन संपेपर्यंत आमचे दोन-तीन खेळाडू चहात बुडालेले असायचे. एका सोमवारी डावा बॅक खाऊन झाल्यावर आबांनी परातीतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "आता बरं दिसतंय. तसाबी तितं कोनच नसतंय." रशीदभाई इतके हसले की त्यांच्या हातातला पावाचा ट्रे कलंडला. मलाही हसू आलं, पण ते मी दाखवलं नाही. मास्तर माणसाला थोडं जपावं लागतं.

आबा मला नेहमी "आवं मास्तर" म्हणायचे. "आवं मास्तर, ह्ये कसं काय?" "आवं मास्तर, जरा इचार करा." बाकावरच्या प्रत्येकाला, संघातल्या प्रत्येक पोराला, इतकंच काय रशीदभाईंनाही "रं" होतं, आणि मला "आवं". सुरुवातीला मी सुखावलो. गावात शिक्षकाला अजून मान आहे, असं सांगलीला घरी फोन करून सांगितलंसुद्धा. पुढे एकदा रशीदभाईंनी पाव बांधून देताना सहज सांगितलं, "सर, आबांचं 'आवं' पाव्हन्याला आसतंय. आपल्या मानसाला ते 'रं' म्हंत्यात." त्या दिवसापासून तो मान मला टोचायला लागला.

आबांच्या सगळ्या फुटबॉलला उसाच्या रानाचा वास होता. दोन एकर ऊस होता त्यांचा, आणि पाणी सोडायच्या पाळीला ते स्वतः दारं धरायला जायचे. म्हणजे पाटाचं पाणी एका सरीत भरलं की तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. बॉल म्हणजे त्यांच्या लेखी पाणी. "आवं मास्तर, पानी बगत बसून काय कळतंय? कुटल्या सरीला पोचंना, ते बगावं. आन् मागचं दार लावल्याबिगर म्होरचं उगडू नगा. तुमी समदी पुढं पळवताय, मागं दार सताड उगडं." मी त्यांना फळी वर चढवण्याचे फायदे सांगायचो. ते पूर्ण ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "लय भारी. पर दार उगडंच हाय."

आणि तो हंगाम आमचा वाईट गेला. वाईट म्हणजे किती, तर भाऊंनी मॅचच्या दिवशी गावातल्या पोरांना फटाके आणायचं बंद करा म्हणून सांगितलं. आम्ही सुंदर खेळायचो आणि हरायचो. शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी झाली असती तरी स्पर्धेत टिकलो असतो. दुसऱ्या हाफमध्ये इरफाननं, मी शिकवल्याप्रमाणे, डाव्या बॅककडे बॉल सरकवला. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आदल्या आठवड्यात उसाचा ट्रॅक्टर वळला होता, त्याच्या चाकोरीत मातीचं ढेकूळ वाळून दगड झालं होतं. बॉल त्याच्यावर आपटून उडाला, समोरच्यांच्या पोराच्या पायात पडला आणि गोल झाला. मी बाहेरून ओरडलो, "काही हरकत नाही, तसंच खेळा!" पंधरा मिनिटांनी तोच कोपरा, तेच ढेकूळ, तोच गोल. इरफान गुडघ्यांवर बसून राहिला. जाळीच्या मागे आबा उठले, खुर्ची मिटली, आणि शिट्टी व्हायच्या आधी निघून गेले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

त्यानंतर मोबाईलवर आमच्या समर्थकांच्या ग्रुपवर जे काही चाललं ते शाळेच्या शिक्षकानं लिहिण्यासारखं नाही. कुणीतरी ढेकळाचा फोटो टाकून खाली 'सामन्याचा मानकरी' असं लिहिलं होतं. आबा पुढचे दोन सोमवार बेकरीत आले नाहीत. त्यांच्या उसाला तोड आली होती हे खरं, पण मला वाटलं, ते माझं तोंड बघायला तयार नाहीत. भाऊंनी शाळेत येऊन चहा घेतला आणि नजर चुकवत म्हणाले, "बैटकीत ठरवू, सर. मिरजेकडचा एक मानूस बगून ठिवलाय, आपलं नुस्तं बगून."

माझ्या कपाटात त्याच सुमारास सांगलीच्या बदलीचा अर्ज भरून पडला होता. घरचे वर्षभर मागे लागले होते. संघ गेला तर गावात राहण्याला अर्थ नव्हता, सही करायची की संपलं. पण सही होत नव्हती. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर बॉल आपटल्याचा आवाज आला नाही, तर त्या वेळी मी काय करायचं, हेच मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो संघ हवा होता. हरलेला, खारीसारखा चुरा होणारा, तोच हवा होता.

हंगामाची बैठक रविवारी सकाळी तालमीत भरते. कुस्तीच्या हौद्याभोवती सगळे मांडी घालून बसतात आणि तिथला एक रिवाज आहे. बॉल ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं. त्या दिवशी बॉल खूप फिरला. कुणी म्हणालं, सर हुशार आहेत पण हुशारी गोलात जात नाही. कुणी म्हणालं, मोबाईल काढून घ्या त्यांचा. इरफाननं बॉल छातीशी धरला, "चूक माजी हाय, सरांची न्हाई," एवढंच म्हणाला आणि पुढे सरकवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बॉल आबांकडे गेला. ते थेट रानातून आले होते, पोटऱ्यांपर्यंत माती. त्यांनी बॉलकडे न बघता तो शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून दिला. आबांसाठी रिवाज मोडायला कुणाची हरकत नव्हती.

"माजं लय न्हाई," आबा म्हणाले. "मास्तरला बुडापासनं छाटा. जमिनीबराबर. वर चार बोटंबी ठिवू नगा."

तालीम हशानं आणि टाळ्यांनी दणाणून गेली. "आबा बोललं, इषय संपला!" कुणीतरी ओरडलं. भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "ठरलं मग!" रशीदभाईसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी उठलो. दारापाशी चपलांचा ढीग होता, त्यात माझी एक सापडेना, आणि ती शोधत मी वाकलेला असताना आतून हसण्याची आणखी एक लाट आली. इतकं हसण्यासारखं काय होतं? माणसाला काढायचं तर काढा, पण टाळ्या कशाला?

घरी येऊन मी अर्जावर सही केली. समर्थकांच्या ग्रुपवर 'संघाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा' असं लिहिलं आणि ग्रुपमधून बाहेर पडलो. भाऊंचा फोन आला, रशीदभाईंचा आला, पुन्हा भाऊंचा आला. सांत्वन करून घ्यायची माझी इच्छा नव्हती. मोबाईल पालथा घातला आणि पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. उघडलं तर आबा, आणि त्यांच्या हातात कोयता. आदल्या दिवशी छाटायचं म्हणालेला माणूस दारात कोयता घेऊन उभा! मी एक पाऊल मागे सरलो. आबांनी माझ्याकडे बघितलं, मागच्या खोक्यांकडे बघितलं.

"चपला घाला," म्हणाले. "रानात जाऊ."

त्यांच्या मोपेडवर मागे बसून मी रानात गेलो. ऊस तुटून गेला होता. सगळीकडे वाळलेला पाला पसरलेला आणि त्यातून तुटलेल्या उसाचे बुडखे वर आलेले, कुठे वीतभर, कुठे चार बोटं. आबा एका सरीत बसले. गुडघे वाजले. एका उंच राहिलेल्या बुडख्यावरच्या डोळ्याशी, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीशी, बोट नेलं.

"ह्ये बगा. तोडकऱ्यानं घाई किली, वर तोडलं. आता ह्यो डोळा वरनं फुटंल. दिसाया हिरवागार. पर त्येला सोताची मुळी न्हाई. वारं आलं की आडवा." मग कोयता आडवा धरून त्यांनी तो बुडखा जमिनीलगत सप्पकन छाटला. "आता खालनं फुटनार. मातीतनं. त्यो टिकतोय."

"मग हे सगळे छाटायचे?"

"खोडवा ठिवायचा म्हटल्यावर छाटायलाच पायजेत की."

तोडलेल्या उसाच्याच मुळांवर दुसऱ्या वर्षी येणारं पीक म्हणजे खोडवा, इतकं मला ऐकून माहीत होतं. मी त्या छाटलेल्या पांढऱ्या चकतीकडे बघत राहिलो आणि हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला.

"आणि ठेवायचा नसेल तर?"

आबांनी कोयता खाली ठेवला. "आवं मास्तर, मोडायचा आसंल तर कोन छाटत बसतंय व्हय? नांगुर घालायचा आन् मोकळं व्हायचं." ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे तुमी काल... तुमास्नी वाटलं, तुमाला काडलं?"

मी मान हलवली. आबांच्या खांद्यांना हसू फुटलं आणि ते सरीत मागे टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तालमीतल्या त्या साठ-सत्तर माणसांत उसाची शेती नसलेला मी एकटाच होतो. रशीदभाईंचंसुद्धा भावकीत अर्धा एकर होतं. सगळ्या गावाला निकाल कळला होता, फक्त ज्याचा निकाल लागला त्याला कळला नव्हता.

हसून झाल्यावर आबांनी बाकीचंही समजावलं. "ह्ये तुमचं मोबाईलमधलं वरचं डोळं हायत. वंगाळ न्हाईत, पर त्यास्नी हितली मुळी न्हाई. आपलं ग्राउंड बगा, ढेकळं बगा, मग पास द्या." मी विचारलं, या हंगामाचं काय करू, आठवला तरी लाज वाटते. त्यांनी मूठभर पाचट उचललं, उसाचा तो वाळलेला पाला. "काय लोक ह्ये जाळत्यात. जाळू नगा. सरीत ठिवलं की कुजतंय, खत हुतंय. हारल्याली मॅच जाळायची न्हाई." मग दुसरा कोयता माझ्या हातात दिला. शाळेला निरोप धाडला आणि दुपारी बारापर्यंत मी बुडखे छाटत होतो. तळहाताला फोड आले. इतका आनंद मला कुठल्याही विजयानं दिला नसेल. घरी गेलो आणि अर्ज फाडून टाकला.

पुढच्या आठवड्यात बेकरीतले सगळे जाणकार रोलर आणि पाण्याचा टँकर घेऊन मैदानावर हजर झाले. ज्या कोपऱ्यात ढेकळं होती तिथे आबा खुर्ची टाकून बसले आणि सकाळभर हुकूम सोडत राहिले. मी पासिंग सोडलं नाही. पण इरफाननं डावीकडे बॉल द्यायचा की लाथ घालायची हे आता त्या दिवशीची जमीन बघून ठरायला लागलं. बचावाची फळी मी थोडी खाली आणली. थोडीच. आबा म्हणाले, "दार निम्मं लावलंय. बरं हाय." एकदा मी हट्टानं त्यांना मैदानाच्या मध्यरेषेवर बसवलं, पूर्ण खेळ दिसावा म्हणून. दहाव्या मिनिटाला ते उठले. "लय गर्दी हाय हितं," म्हणाले, आणि खुर्ची घेऊन गोलामागे गेले.

खोडव्याचं पहिलं वर्ष बरं गेलं, दुसरं त्याहून बरं. आबांचे गुडघे मात्र हरत चालले. हाफटाईमच्या वळशात चारदा थांबावं लागायला लागलं, आणि शेवटी फलटणला दिलेली त्यांची लेक येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी ती खुर्ची इरफानच्या हवाली केली. फलटणहून ते व्हिडिओ कॉलवर मॅच बघायचे. रशीदभाई मोबाईल धरून गोलामागे उभे राहायचे आणि बॉल पुढे गेला की त्यांचा हात आपोआप तिकडे वळायचा. लगेच मोबाईलमधून आवाज यायचा, "रश्या, मागं दाव रं! मागं!"

आबांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण काढताना गावात कुणी रडत नाही. बेकरीत परात पुढे आली की कुणीतरी शेंगदाणा उचलून तोंडात टाकतं आणि सगळे हसतात. मला मात्र त्यांची शेवटची भेट पुन्हा पुन्हा आठवते. त्या हंगामात आम्ही स्पर्धेची अंतिम मॅच जिंकलो होतो. नेमकी तेव्हा फलटणला रेंज नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि रशीदभाई खारीचा पुडा घेऊन गेलो. आबा खिडकीपाशी कॉटवर बसले होते. वाळले होते, पण मफलर कानाला होताच.

"मागं कोन हुतं?" हा पहिला प्रश्न. जिंकलो का, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी ताट मागवून घेतलं आणि त्यात खारी मांडली. कोण कुठे उभा होता, शेवटच्या वीस मिनिटांत उजवा बॅक कसा दमला, मग मी कुणाला मागे ओढलं, कुठल्या सरीला पाणी पोचत नव्हतं आणि कुठलं दार आधी लावलं, सगळं सांगितलं. आबा एकेका खारीवर बोट ठेवून विचारत होते, मी सांगत होतो. अर्धा तास गेला. चहा आला. आबांनी डावा बॅक बुडवून खाल्ला आणि मग आठवल्यासारखं विचारलं, "आन् गोल कुनी घातला?"

मी नाव सांगायला गेलो. आठवेना. आठवेना म्हणजे, मी तो बघितलाच नव्हता. लोक नाचायला लागले तेव्हा मी आमच्या डाव्या बॅककडे बघत होतो, कारण तो टाळ्या वाजवत होता. नंतर खांद्यावर घेतलेल्या पोरांच्या गर्दीत विचारायचं राहूनच गेलं. मी रशीदभाईंकडे बघितलं.

"सर!" रशीदभाई ओरडले. "फायनलचा गोल! तुमी कोच हाय आमचं!"

"नाही बघितला आबा," मी म्हणालो. "मागं बघत होतो."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना तेच जुनं हसू फुटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला.

"फुटवा आला की रं, मास्तर. खालनं आला."

त्या एका 'रं'साठी मी चार हंगाम थांबलो होतो. रशीदभाई गोल कुणी घातला ते अगदी रंगवून सांगायला लागले, पण आम्हा दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.